तीनशेचे साडेचारशे

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी आटोपते न आटोपते तोच भाच्याने मला हाताला धरून आपल्या खोलीत नेले. तेथे त्याने स्वतः जोडलेला खेळाचा संगणक होता. "मामा, मी प्रोसेसरचा वेग वाढवलाय. पण खेळ ऐन रंगात आला की स्क्रीन निळी होते आणि सगळं बंद पडतं. तुम्ही पुष्कळ वाचता, काहीतरी सांगा ना!"

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले, आणि शाळेत शिकवतो मराठी. मी काय सांगणार? परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते. कोणताही उद्योग दिसला की तो प्रथम कोणी आरंभिला, हे शोधल्यावाचून त्याला चैन पडत नाही. त्या शोधात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रोसेसर हा ठेक्यावर चालणारा प्राणी आहे. सेकंदाला अमुक कोटी मात्रा, अशी लय कारखाना त्याला बांधून देतो. त्याहून द्रुत लयीत त्याला पळवायचे, याचे नाव ओव्हरक्लॉकिंग. या छंदाला खरा बहर आला तो १९९८ साली.

त्या वर्षी २४ ऑगस्टला इंटेल कंपनीने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक थोरल्या घरचा, ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू. घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा गरिबांसाठी, ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए. किंमत १४९ डॉलर. एप्रिलमध्ये निघालेल्या पहिल्या सेलेरॉनची फार टवाळी झाली होती, कारण जवळची शिदोरी म्हणजे एल-टू कॅश त्याला मुळी दिलीच नव्हती. म्हणून या नव्याला १२८ किलोबाइट कॅश दिली, आणि तीही प्रोसेसरच्याच तुकड्यावर, पूर्ण वेगाने चालणारी. थोरल्याची कॅश चौपट मोठी खरी, पण ती अर्ध्याच वेगाने चाले!

आता गंमत पाहा. या धाकट्याचा वेग ठरे तो मदरबोर्डच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठेक्याला साडेचारने गुणून. साडेचार हा आकडा कंपनीने कुलूपबंद केला होता. पण ठेका राहिला मदरबोर्डच्या हाती. तो ६६ चा १०० केला की शंभर साडेचारे साडेचारशे! ॲबिटच्या बीएच-६ सारख्या बोर्डांवर हे नुसत्या कीबोर्डवरून करता येई, व्होल्टेजही बदलता येई. ज्यांचा बोर्ड ऐकेना त्यांनी प्रोसेसरच्या बी-२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टी लावली, कोणी नखांना लावायचे रंग फासले, आणि बोर्डाला चकवले.

पण ४५० वर सुरू होणे निराळे आणि ४५० वर टिकणे निराळे. काही नग मूळच्या २ व्होल्टवरच बिनतक्रार धावत, काहींना २.१, २.२ द्यावे लागत. व्होल्टेज वाढले की आतले सूक्ष्म खटके चपळ होतात आणि पुढची मात्रा पडण्यापूर्वी आपले काम उरकतात. मात्र त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दीडपट, व्होल्टेज १.१ पट, म्हणजे १.५ गुणिले १.२१, जवळजवळ १.८२ पट ताप! जो केवळ व्होल्ट चढवीत गेला त्याचे यंत्र अधिकच लटपटले, ते यामुळे.

मग यंत्र स्थिर आहे हे ओळखावे कसे? येथे गणिती मदतीला आले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मूळसंख्या शोधण्याचा एक सामुदायिक प्रकल्प काढला होता. त्यासाठी लिहिलेल्या प्राइम९५ या प्रोग्रॅममध्ये एक छळ-चाचणी होती. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते प्रोसेसरकडून तासन्‌तास करून घ्यायची, आणि एक उत्तर चुकले की थांबायचे. यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. न कळत चुकीचे उत्तर देणारे यंत्र अधिक घातकी. या चाचणीने ते पकडून दिले.

हौशी मंडळींना नावे ठेवणे सोपे आहे. पण २००० साली खुद्द कारखानाच घसरला. मार्च महिन्यात एएमडीने एक गिगाहर्ट्झचा टप्पा इंटेलच्या दोनच दिवस आधी गाठला. त्या चुरशीत इंटेलने ३१ जुलैला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. टॉम पाब्स्ट या परीक्षकाने त्यावर लिनक्सचा गाभा कंपाइल करायला घेतला. ते दीर्घ, कष्टाचे काम काही केल्या शेवटास जाईना. काइल बेनेट यांनाही तोच अनुभव आला. २८ ऑगस्टला कंपनीने तो प्रोसेसर परत मागवला.

आणि २०२४ मध्ये तर निदानच भरकटले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांवर खेळ बंद पडत, आणि पडद्यावर संदेश येई की व्हिडिओ कार्डाची मेमरी अपुरी आहे! लोक कार्डालाच दोष देत बसले. खरे दुखणे प्रोसेसरात होते. आतल्या मायक्रोकोडच्या चुकीने तो स्वतःच वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता. ऑगस्टमधील दुरुस्तीने या मागणीला १.५५ व्होल्टचा बांध घातला, हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढवली; पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते काही बरे झाले नाहीत.

भाच्याला मी एवढेच म्हटले, "आधी सगळे आकडे कारखान्याचे कर. त्यावरही बंद पडला तर दोष तुझ्या वेगाचा नव्हे." त्याने तसे केले. मेमरीचा वाढवलेला वेगही उतरवला आणि रात्री चाचणी लावली. सकाळी बहीण चहा घेऊन आली तेव्हा ती नवव्या तासात होती, चूक शून्य. आता मेमरी तशीच ठेवून प्रोसेसरचा वेग एकेक पायरी चढवायचा आणि प्रत्येक पायरीला रात्र घालवायची, असे त्याने ठरवले. बहिणीने फक्त विजेच्या बिलाची चौकशी केली.