काचतंतूंची गळकाठी

काचतंतूंची गळकाठी : काचेचे बारीक तंतू रेझिनात घट्ट बसवून तयार केलेली पोकळ, निमुळती व लवचिक काठी. कृत्रिम माशीच्या साहाय्याने ट्राउट, सॅमन इ. मासे पकडण्याच्या छंदात, म्हणजे फ्लाय-फिशिंगमध्ये, ती वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत ती अवतरली. तिने सु. पंचवीस वर्षांत चिरलेल्या बांबूच्या काठीला मागे सारले आणि १९७३ नंतर कार्बन तंतूंच्या काठीपुढे ती स्वतःही मागे पडली. एखादा पदार्थ केवळ गुणांमुळे पुढे येत नाही व केवळ दोषांमुळे मागे पडत नाही. युद्ध, व्यापार, किंमत व अभिरुची यांचाही त्यात वाटा असतो. या काठीचा इतिहास हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे.

साध्या गळाने मासे धरताना आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला पाण्यात ओढून नेते. पिसे, लोकर व रेशीम गळाभोवती गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला असे वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे फेकली जाते ती वस्तुतः दोरी. माशी तिच्या टोकाशी केवळ वाहून नेली जाते. पारधी काठी मागे नेतो, दोरी हवेत मागे पसरते व तिच्या भाराने काठी वाकते. मग काठी पुढे आणून थांबविताच ती सरळ होते व दोरीला पुढे ढकलते. काठी अशा रीतीने तरफ व स्प्रिंग ही दोन्ही कामे करते. तिच्या पदार्थाची घनता, ताठरता व स्थितिस्थापकता यांना जे महत्त्व आहे, ते यामुळेच.

पूर्वेतिहास : मॅसिडोनियातील लोक ॲस्ट्रीअस नदीत लाल लोकर व कोंबड्याची पिसे बांधलेल्या गळाने मासे धरीत, असे वर्णन ईलिअन या लेखकाने इ. स. सु. २०० मध्ये केले आहे. त्यांची काठी सु. सहा फूट लांब व दोरीही तेवढीच होती. इंग्लंडमध्ये या विषयावरील पहिला मुद्रित ग्रंथ १४९६ मध्ये विंकिन द वर्ड याने छापला. आयझाक वॉल्टनचा द कम्प्लीट अँग्लर हा ग्रंथ १६५३ मध्ये निघाला व त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन याने माशीच्या पारधीवरील भाग जोडला. या काळातील काठ्या अखंड लाकडाच्या असत. पुढे हिकरी, लान्सवुड व गियानाकडील ग्रीनहार्ट ही लाकडे पसंत केली जाऊ लागली. ती बळकट असली, तरी जड होती.

बांबूच्या काठीचा काळ : बांबूचे बळ त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. तेवढाच भाग ठेवून बांबूच्या चिरफळ्या त्रिकोणी छेदाच्या तासून एकत्र चिकटविल्या, तर हलकी व चिवट भरीव काठी मिळते. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील सॅम्युएल फिलिपी या बंदूक-कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा काठ्या केल्या. मेन राज्यातील हायरम लेनर्ड याने चिरफळ्या तासण्याचे यंत्र वापरून सहा चिरफळ्यांची काठी व्यापारी प्रमाणावर आणली. हा आरंभीचा बांबू भारतातून, कलकत्ता बंदरातून जात असे व ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई. त्याच्या पृष्ठावर पुष्कळदा भाजल्याचे डाग असत व तेवढा भाग टाकून द्यावा लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याची जागा ‘टोंकिन’ बांबूने घेतली. नाव टोंकिनचे असले, तरी हा बांबू येतो तो दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतातून. कँटनमध्ये काम करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ए. मक्‌क्ल्युअर यांनी १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले व त्याच्या जातिनामासाठी ‘प्रिय वाटणारा’ या अर्थाचा लॅटिन शब्द योजला. सरळ वाढ, अंतरावरची पेरे व जाड तंतुमय साल यांमुळे गळकाठीसाठी त्याच्या तोडीचा दुसरा बांबू आढळला नाही. तथापि एका काठीमागे कुशल कारागिराचे अनेक तास खर्ची पडत. चिरफळी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक तासावी लागे. साहजिकच उत्तम काठी सामान्य मिळकतीच्या माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली.

काचतंतूचा उदय : काचेचे तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची कृती अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सिद्ध झाली व १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास पॉलिएस्टर रेझिने उपलब्ध झाल्याने तंतू व रेझीन यांचा संयोग करणे शक्य झाले. महायुद्धात विमानांच्या भागांसाठी या संमिश्राचा उपयोग झाला. ओहायओतील टोलेडो येथे रेझीन-उद्योगात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आर्थर हॉवल्ड यांच्या बांबूच्या काठीचे टोक युद्धकाळात मोडले व नवे टोक मिळेना, तेव्हा त्यांनी काचतंतू व रेझीन यांचे टोक करून पाहिले, असे सांगतात. या प्रयोगातून निघालेली पद्धती मिशिगनमधील कॅलमझू येथील शेक्सपिअर कंपनीने स्वीकारली व युद्ध संपल्यानंतर लवकरच ‘वंडररॉड’ ही काठी बाजारात आणली. तिच्यात आतील थरावर लांबीच्या दिशेने समांतर तंतू बसविलेले असत.

नव्या काठीला एका राजकीय घटनेने हातभार लावला. कोरियाच्या युद्धात चीन उतरल्यानंतर डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी होणारा व्यापार बंद केला. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. ज्या थोड्या कारखान्यांकडे बांबूचा जुना साठा होता, ते तग धरून राहिले; इतरांना काचतंतूकडे वळावे लागले किंवा धंदा बंद करावा लागला. अर्थात बंदी नसती, तरी स्वस्त काठीपुढे बांबूचा कारागीर फार काळ टिकला असता असे नाही. बंदीने हा बदल वेगाने घडविला एवढेच.

निर्मिती : पोकळ काठीसाठी काचतंतूंचे कापड रेझिनाने भिजवून ठरावीक निमुळत्या आकारात कापतात व निमुळत्या पोलादी गजाभोवती घट्ट गुंडाळतात. त्यावर सेलोफेनची फीत ताण देऊन गुंडाळली जाते. भट्टीत तापवून रेझीन कठीण झाले, की गज ओढून काढतात व फीत सोलून पृष्ठभाग घासतात. गजाचा निमुळतेपणा व कापडाचा आकार बदलला, की काठी कोठे व किती वाकेल हे बदलते. बांबूच्या काठीत जे कौशल्य कारागिराच्या रंध्यात होते, ते येथे गजाच्या व कापडाच्या आराखड्यात गेले. एकदा आराखडा उत्तम साधला, की त्याच गुणाच्या हजारो काठ्या निघू शकतात. काठीचे तुकडे जोडण्यासाठी प्रथम धातूची नळी वापरीत. त्या जागी काठी वाकत नसे. १९६० नंतरच्या दशकात फेनविक कंपनीने काचतंतूंचाच सांधा रूढ केला व हा दोष बराचसा दूर झाला.

दोरीतही याच काळात बदल झाला. तेल पाजलेल्या रेशमी दोरीच्या जागी १९५० नंतर प्लॅस्टिकचा लेप असलेली तरंगती दोरी आली. अमेरिकेतील मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने १९६१ मध्ये दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरविले. उदा., पाचव्या क्रमांकाच्या दोरीचा हा भाग १४० ग्रेन, म्हणजे सु. ९ ग्रॅ. भरतो. काठीवर योग्य दोरीचा क्रमांक छापला जाऊ लागल्याने नवशिक्याचीही सोय झाली.

हौशी बांधणी : कारखान्यातून येणारी नुसती पोकळ काठी विकत घेऊन ती घरी सजविण्याचा छंद या काळात फोफावला. मिनेसोटातील हर्टर्ससारख्या टपालाने माल पाठविणाऱ्या दुकानांमुळे लहान गावांतही सुटे भाग पोहोचले. कापडाच्या थरांचा जोड जेथे येतो, त्या बाजूला काठी किंचित अधिक ताठ असते. काठी वाकवून व फिरवून ही बाजू प्रथम शोधतात व तिला धरून कड्यांची जागा ठरवितात. मुठीसाठी बुचाच्या साधारण अर्धा इंच जाडीच्या १२–१४ चकत्या चिकटवून त्या हाताला बसेल अशा आकारात घासतात. मुठीमागे रीळ बसविण्याचे खोबण येते. आठ फुटी काठीला टोकाची कडी सोडून आठ-नऊ कड्या लागतात. त्यांचे पाय रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्याने लगत वेढे देऊन बांधतात व त्यांवर व्हार्निश किंवा अलीकडे इपॉक्सी रेझीन चढवितात. घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक असल्याने नाकातोंडावर आच्छादन आवश्यक असते. या बांधणीतूनच काही नामवंत कारागीर पुढे आले. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील रस पीक यांच्या काचतंतूच्या काठ्या बांबूच्या काठ्यांइतक्याच मानाच्या ठरल्या.

गुणदोष व ऱ्हास : इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत १९६० नंतरच्या दशकात उच्च बलाचे कार्बन तंतू विकसित झाले. फेनविक कंपनीने १९७३ मध्ये त्यांची काठी आणली. नेहमीच्या काचतंतूचा यंग गुणांक सु. ७२ गिगापास्कल व घनता सु. २·५५ असते, कार्बन तंतूंच्या बाबतीत या संख्या अनुक्रमे सु. २३० व १·८ अशा आहेत. म्हणजे तेवढीच ताठरता कार्बनच्या पुष्कळ कमी वजनात मिळते. कार्बनची काठी वाकून लवकर सरळ होते, तिची थरथर लवकर थांबते व वाऱ्यातही दूरवर दोरी टाकता येते. दहा-बारा वर्षांत बहुतेक उत्पादकांनी काचतंतू सोडला किंवा स्वस्त मालापुरता ठेवला. काचतंतू म्हणजे हलक्या प्रतीचा माल ही समजूत याच काळात दृढ झाली.

तथापि दूरची फेक ही प्रत्येक ठिकाणची गरज नसते. लहान डोंगरी ओढ्यात मासा पाच-सात मीटरांवर असतो. इतक्या थोड्या दोरीच्या भाराने कार्बनची ताठ काठी पुरेशी वाकत नाही; काचतंतूची वाकते. मासा हिसका देतो, तेव्हा तीच नरमाई टोकाशी असलेला अतिशय बारीक धागा तुटू देत नाही. तिची लय संथ असल्याने पारध्याला मागे जाणारी दोरी पूर्ण पसरेपर्यंत थांबावे लागते, म्हणून शिकणाऱ्यालाही ती उपयुक्त ठरते. ती धक्क्यांना व ओरखड्यांना अधिक टिकते.

या गुणांमुळे एकविसाव्या शतकात अमेरिका, जपान इ. देशांत लहान कारागिरांनी व पुढे काही मोठ्या कंपन्यांनीही काचतंतूच्या काठ्या पुन्हा बनविण्यास आरंभ केला. अधिक बळकट एस्-काच व सुधारित रेझिने यांमुळे त्या पूर्वीपेक्षा हलक्या झाल्या आहेत. मात्र त्यांचे स्थान उलटले आहे. एके काळी जी काठी बांबू न परवडणाऱ्यांसाठी होती, ती आता पुष्कळदा कार्बनच्या साध्या काठीहून महाग, आवडीने निवडलेली वस्तू झाली आहे. तिचे ऐतिहासिक कार्य मात्र पहिल्या पंचवीस वर्षांतच पुरे झाले. कारागिरांच्या एका पिढीचे काम तिने हिरावून घेतले हे खरे. पण थोड्या सधन लोकांचा हा छंद तिनेच कामगार, शेतकरी व शाळकरी मुले यांच्या हाती दिला.