बुद्धीचे दोन चोर : अफू आणि शिसे

गड घेणारे, पेठा लुटणारे आणि मुलूख बेचिराख करणारे यांची इतिहासाने तपशीलवार नोंद ठेवली आहे. माणसाची बुद्धी लुटणाऱ्यांची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते. कारण उघड आहे. गड गेला की तो दिसतो. बुद्धी चार आणे कमी झाली, तर ज्याची गेली त्यालाही ते कळत नाही. अशा दोन चोरांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

पहिली गोष्ट ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील. दारा शुकोहचा थोरला मुलगा सुलेमान शुकोह १६६१ च्या जानेवारीत कैद होऊन दिल्लीच्या दरबारात उभा राहिला. फ्रेंच प्रवासी बर्निए तेथे हजर होता. पोस्त पाजणार असाल तर त्यापेक्षा आत्ताच ठार करा, अशी विनवणी या राजपुत्राने औरंगजेबास केल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पोस्त म्हणजे अफूची बोंडे ठेचून रात्रभर पाण्यात भिजवून केलेले पेय. ग्वाल्हेरच्या कैदेतील राजपुत्रांना ते रोज सकाळी देत, आणि पेला रिकामा केल्याखेरीज अन्न मिळत नसे. हळूहळू शरीर खंगे, मती गुंग होई. बादशहाने पोस्त न देण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही, असे बर्निए सांगतो. १६६२ साली सुलेमान मरण पावला. तरण्याबांड राजपुत्राला मरणापेक्षा बुद्धी जाण्याचे भय अधिक वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट राजवाड्यातील नव्हे, चाळीतील आहे. मुंबईच्या गिरण्या वाढल्या तशी कोकणातून आणि आमच्या सातारा-सांगलीकडून माणसे तिकडे गेली. बायाही गिरणीत जाऊ लागल्या. भोंगा झाला की तान्हे मूल खोलीत ठेवून निघणे भाग पडे. मूल रडू नये म्हणून त्याच्या जिभेवर बाळगोळी ठेवीत. आणि त्या गोळीत अफू असे. मूल निपचित झोपे. पण अफूने रडणे थांबते तशी भूकही थांबते. दूध कमी जाते, श्वास मंदावतो, आणि मेंदू ज्या वयात झपाट्याने वाढायचा त्याच वयात तो उपाशी राहतो. १८९३ साली नेमलेल्या अफू कमिशनपुढे मुलांना अफू देण्याच्या या चालीविषयीही साक्षी झाल्या. तरीही १८९५ च्या अहवालात बंदीची गरज नाही असाच निर्वाळा मिळाला. अफूचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जात होते, हे येथे विसरून चालणार नाही. त्या आईला आम्ही दोष देत नाही. तिला पाळणाघर मिळाले असते, तर गोळी लागली नसती.

आता शिशाकडे वळू. अफूची निदान गुंगी दिसते. शिसे काहीच दाखवीत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. ते हाडांत वर्षानुवर्षे दडून राहते आणि मुलांच्या मेंदूतही शिरते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल पोटातले शिसे कितीतरी अधिक शोषून घेते. १९२१ साली अमेरिकेत मिजली या तंत्रज्ञास असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले म्हणजे इंजिन खडखडत नाही. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग करणारे पाच कामगार भ्रम होऊन मेले. तरीही ते पेट्रोल जगभर खपले. १९७९ साली नीडलमन या डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या शाळांतील मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापनातील गती कमी आणि वर्गातील लक्षही कमी, असे दिसून आले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातून ते पुरते जायला २०२१ उजाडले.

पेट्रोलमधून गेले म्हणून शिसे गेले नाही. जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ते चिंताजनक प्रमाणात आहे, असा अंदाज युनिसेफच्या २०२० च्या अहवालात दिला आहे. कल्हईच्या कथलात स्वस्त म्हणून शिसे मिसळले, तर ते आमटीत उतरते. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवल्या, तर ते मातीत उतरते. इराणमध्ये २०१६ साली अफूच्या व्यसनींना शिशाची विषबाधा झाली, कारण अफूतच शिसे होते. दोन्ही चोर एकाच वाटेने घरात शिरले!

आमच्या कृष्णाकाठाला तर हा प्रश्न परका नाही. सांगलीची हळदपेठ सर्वांना ठाऊक आहे. २०१८ साली तेथील हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. हळकुंड पिवळेधमक दिसावे म्हणून शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, चोळण्याची खोड बांगलादेशात बळावली होती. २०१९ साली अभ्यासकांनी ती उघडकीस आणली. सरकारने छापे घातले, दंड केले, गावोगाव माहिती दिली, आणि दोन वर्षांत बाजारातील ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. या रंगाची भेसळ आपल्या देशातही कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी गिऱ्हाइकाची नजर येते. झगझगीत हळकुंडालाच आपण चढा भाव दिला, तर प्रामाणिक शेतकऱ्याचे फिकट हळकुंड मागे पडणारच.

ग्वाल्हेरचा पेला गादीच्या सोयीसाठी होता, बाळगोळी गिरणीच्या सोयीसाठी, पेट्रोलमधील शिसे इंजिनाच्या सोयीसाठी आणि हळदीवरचा रंग डोळ्यांच्या सोयीसाठी. प्रत्येक वेळी सोय एकाची झाली आणि बुद्धी दुसऱ्याची गेली. सुलेमानाला आपल्यापुढे काय आले आहे ते ठाऊक होते, म्हणून तो निदान नको म्हणू शकला. पाळण्यातल्या मुलाला ते म्हणता येत नाही. त्याच्या वतीने नको म्हणणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे. ते बाजारात हळद निवडताना, कल्हईवाल्याला कथील विचारताना आणि बॅटरीच्या भट्टीला गावाबाहेरही जागा नाकारताना करावयाचे आहे.