एदलाबाद

१२. एदलाबाद : आजचे मुक्ताईनगर (जि. जळगाव). प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ या काळात आमदार होत्या, त्या याच जुन्या नावाच्या मतदारसंघातून. १९९० ते २०१९ तो एकनाथ खडसे यांच्याकडे होता. पण गाव पुढाऱ्यांवरून ओळखू नये. आधी लगतच्या कोथळीचे मुक्ताईचे जुने देऊळ पाहावे. परंपरेप्रमाणे शके १२१९ मध्ये (इ. स. १२९७) इथेच तापीकाठी वीज कडाडली नि मुक्ताई गुप्त झाल्या. शेजारचे मेहूणही हा मान सांगते. त्या वादात संपादक पडत नाही. जवळच तापी-पूर्णा संगमावर चांगदेवांचे दगडी देऊळ आहे. चौदाशे वर्षांचा म्हणवणारा शिष्य नि त्याची कोवळ्या वयाची गुरू हाकेच्या अंतरावर नांदतात. आषाढी वारीसाठी मुक्ताईंची पालखी कोथळीहूनच निघते, पंढरपूर गाठायला तिला महिनाभर लागतो.