कर्ण्यामागची पेटी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. मातीचं, सुमारे ५१ मीटर उंच. १९६८ साली ते पुरं झालं. पायथ्याशी वीजघर आहे, त्यात साडेसात मेगावॅटचे तीन संच. धरणासोबत वसलेल्या वस्तीला लोक आजही येलदरी कॅम्प म्हणतात. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत पहिला दिवा लागला तो याच काळात, दहा-पंधरा वर्षं अलीकडे किंवा पलीकडे.

या विजेची आठवण निघाली एका लोखंडी पेटीमुळे. भंगाराच्या दुकानात वजनावर विकायला आलेला तो जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. पुढच्या पत्र्यावर कुठल्याशा मंडळाचं नाव रंगवलेलं, अर्धं पुसलेलं. माझा भाचा गिटार वाजवतो. त्याने पेटी पाहिली आणि म्हणाला, ‘‘मामा, परदेशात असल्या पेट्यांना लोक लाखात पैसे मोजतात.’’ पोरगं फार वाढवून सांगत नव्हतं. मात्र ते का, हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची हवाबंद नळी. आत एक तार तापते, तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे झेपावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह केला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्टने मध्ये तारेची एक जाळी बसवली. जाळीवरचा अगदी बारीक विद्युत्दाब आता इलेक्ट्रॉनांच्या मोठ्या लोंढ्याला आवरू किंवा मोकळा सोडू लागला. धरणाच्या दारावरचा माणूस चक्र थोडंसं फिरवतो आणि खाली केवढं पाणी सुटतं, तसंच हे. बारीक आवाजाचा मोठा आवाज झाला तो या जाळीमुळे. रेडिओ, बोलपट, लाऊडस्पीकर ही सगळी तिचीच लेकरं.

आपल्या देशात या पेटीला इतिहासात जागा आहे. १९३०च्या दशकातल्या काँग्रेसच्या सभांची छायाचित्रं पाहा. गांधीजी किंवा नेहरू यांच्या पुढ्यातल्या मायक्रोफोनवर पुष्कळदा ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरं दिसतील. नाव परदेशी, कंपनी मात्र इथल्याच मोटवानी कुटुंबाची. लाखाच्या सभेत मागच्या माणसाला शब्द ऐकू यायला लागले ते अशा कंपन्यांच्या कर्ण्यांमुळे. १९४२च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्या खटल्यात नानिक मोटवानी यांनाही आरोपी करण्यात आलं होतं. पुढे ते सुटले. आवाज मोठा करणारं यंत्र सरकारच्या नजरेत किती खुपत होतं, हे यावरून कळतं.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. हैदराबादचं संस्थान भारतात आलं ते १९४८च्या सप्टेंबरात. खेड्यात वीज नव्हती, पण कर्णा येत होता. बैलगाडीतून किंवा सर्व्हिस मोटारीच्या टपावरून लाऊडस्पीकरवाला यायचा, त्याच्यासोबत गाडीची जड बॅटरी असायची. बॅटरीचे सहा किंवा बारा व्होल्ट व्हॉल्व्हला पुरत नाहीत, त्याला शेकड्यांनी व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये व्हायब्रेटर नावाची एक डबी असे. ती बॅटरीचा प्रवाह क्षणोक्षणी तोडायची आणि जोडायची, मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवायचा. तिची घूंऽऽ अशी गुणगुण कार्यक्रमाआधीच ऐकू यायची. बॅटरी उतरत आली की कीर्तनकाराचा आवाज खोल जायचा, आणि लोक म्हणायचे, ‘‘मशीन दमलं.’’

गंमत अशी, की येलदरीची वीज खेड्यांत पोचेपर्यंत व्हॉल्व्हचं आयुष्य उताराला लागलं होतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्माला आला, आणि पुढच्या वीस वर्षांत तो खांद्याला अडकवून शेतात गेला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले ते १९६१च्या सुमारास. म्हणजे पुष्कळ गावांत ट्रान्झिस्टर आधी आला आणि विजेची तार नंतर. व्हॉल्व्हच्या पेटीला सुखाची, अखंड विजेची संगत मिळाली ती अगदी म्हातारपणी. तीही कशी? ओढलेल्या लाइनीच्या टोकाला, संध्याकाळी पंप सुरू झाले की मंदावणारी.

आता गिटार. विजेवरची पहिली यशस्वी गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीने बाजारात आणली. तीही मांडीवर आडवी ठेवून, तारेवर धातूची कांडी सरकवून वाजवायची हवाईयन गिटार होती. हा प्रकार आपल्या कानांना लगेच रुचला, कारण त्यात मींड घेता येते. व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारवर वाजवून रेकॉर्डी काढल्या आणि त्या घराघरांत वाजल्या. पुढे गणपतीत, उरुसात ऑर्केस्ट्रा येऊ लागले. त्यांतल्या गिटारवाल्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर असणं ही चैनच होती. परदेशी माल आयात करणं अवघड, म्हणून तो सरळ लाऊडस्पीकरच्या पेटीतच गिटार खुपसायचा.

यात कमीपणा काहीच नव्हता. गिटारचे जगप्रसिद्ध ॲम्प्लिफायर करणारा लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्याने दुकान टाकलं. गावातले वादक आपली बिघडलेली पेटी घेऊन यायचे, त्यातून त्याचा धंदा वळला. लंडनचा जिम मार्शल हा ड्रम विकणारा. १९६२ साली त्याच्या दुकानातल्या दुरुस्ती करणाऱ्यांनी फेंडरचीच एक पेटी समोर ठेवून, इंग्लंडात मिळतील ते भाग घालून पहिला मार्शल बनवला. भाग वेगळे पडले म्हणून आवाज वेगळा निघाला, आणि तोच पुढे रॉक संगीताचा आवाज ठरला. अस्सल आणि नकल यांचा वाद घालणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

आवाजाचंही तसंच. ॲम्प्लिफायरवर झेपेल त्याहून जास्त ताण दिला की आवाज फाटतो. सभेच्या व्यवस्थापकाला तो दोष. पण व्हॉल्व्ह फाटतो तो हळूहळू, कडा गोल करत. ट्रान्झिस्टर एकदम तुटतो. १९६४ साली किंक्स या इंग्रज चमूतल्या डेव्ह डेव्हिसने तर आवाज फाटावा म्हणून स्पीकरचा कागदच पात्याने चिरला होता. माझ्या पिढीचा लाऊडस्पीकरवाला हे ऐकून कपाळाला हात लावेल.

दुरुस्तीकडे वळू. पहिला नियम: वर्षानुवर्षं पडून असलेली पेटी थेट प्लगला लावायची नाही. आपल्याकडचा मेकॅनिक सिरीज बोर्ड वापरतो, म्हणजे पेटीच्या वाटेत साधा शंभर वॅटचा बल्ब. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. आधी पेटून मग मंद झाला तर बरं लक्षण. हा बल्ब तारेचाच लागतो, एलईडी इथे कामाचा नाही. आणि तारेचा बल्ब हल्ली शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट जिवाची. व्हॉल्व्हच्या पेटीत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात. प्लग काढला तरी फिल्टरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ते दडून बसतात. जुने लोक एक हात खिशात ठेवून काम करायचे, म्हणजे धक्का बसला तरी प्रवाह छातीतून आरपार जाऊ नये. तो कंडेन्सर आधी रेझिस्टर लावून रिकामा करायचा, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. ज्याला हे ठाऊक नाही त्याने पेटी उघडूच नये, असं मी भाच्याला स्पष्ट सांगितलं.

हेच मोठे कंडेन्सर पहिले मरतात, आतला द्राव सुकतो आणि पेटी घुमू लागते. तो दोष ऐकू तरी येतो. खरा वैरी असतो मधला छोटा, कागदी कंडेन्सर. तो गळू लागला की नको तो दाब शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जातो. व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढतो, त्याचा पत्रा लालबुंद होतो, आणि त्याच्यापाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. चार रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचं नुकसान. म्हणून वाजत असली तरी जुन्या पेटीतले हे कागदी कंडेन्सर बदलावेत. स्पीकर न जोडता पेटी सुरू करणं हाही ट्रान्सफॉर्मर जाळण्याचा हमखास मार्ग.

आणि ट्रान्सफॉर्मर हाच तिचा प्राण. व्हॉल्व्ह आजही मिळतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ते बनतात. पण त्या पेटीसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळायचा तर वेढ्यांचा, थरांचा हिशेब माहीत असलेला कारागीर लागतो. भंगारवाल्याला मात्र पेटीतलं तेवढंच हवं असतं, कारण तांबं त्यातच असतं. पत्रा, काच, बाकी सगळं तो फेकतो. मराठवाड्यातल्या किती पेट्या अशा तांब्यापायी फुटल्या असतील, कोण जाणे.

आमच्या पेटीचे ट्रान्सफॉर्मर शाबूत निघाले. जुन्या क्रिस्टल मायक्रोफोनसाठी असलेली तिची जोडणी गिटारलाही चालते, कारण दोघांनाही फार मोठा रोध लागतो. कर्णा मात्र चालत नाही, तो बोलण्यासाठी. गिटारला कागदी शंकूचा स्पीकर हवा. सर्वांत मोठा बदल दिसायला सर्वांत किरकोळ. दोन तारांची वायर काढून तीन तारांची घातली आणि पत्र्याला अर्थिंग दिलं. गिटारच्या तारा वायरीतून थेट पेटीच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यात वीज उतरली तर ती वादकाच्या बोटांत उतरते. मंडळाचं पुसट नाव आम्ही तसंच ठेवलं. भाच्याच्या घरी अर्थिंगच नव्हतं, तेव्हा अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला आणि त्यानंतरच त्याच्या हाती प्लग दिला.