हृदयाचा पंप कसा चालतो? छातीत दुखलं तर वाट का बघू नये?

विहिरीवरची मोटार लाईट गेली की बंद पडते. आपल्या छातीतला पंप मात्र जन्माच्या आधीपासून चालू असतो. त्याचा स्टार्टर त्याच्या आतच आहे.

हृदय साधारण मुठीएवढं असतं. त्यात चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा छोटा पुंजका आहे. तो आपणहून विजेचा सौम्य संदेश सोडतो. त्याने आधी अलिंद आकुंचन पावतात आणि रक्त खाली निलयात उतरतं. मग हा संदेश मधल्या गाठीत सेकंदाचा जेमतेम दहावा भाग थांबतो. तेवढ्यात निलय भरून घेतात. त्यानंतर ओलं कापड पिळावं तसे निलय पीळ देऊन आवळतात. उजवा निलय रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो, डावा साऱ्या शरीराला. डाव्याचं काम जड, म्हणून त्याची भिंतही जाड.

रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात, आपल्या फुटव्हॉल्व्हसारख्या. त्या मिटताना जो आवाज होतो तोच ‘लब-डब’. एका ठोक्याला सुमारे 70 मिलि रक्त बाहेर पडतं. मिनिटाला 72 ठोके धरले तर 5 लिटर झालं. दिवसाचे ठोके लाखाच्या घरात जातात.

आता महत्त्वाचं. एवढं रक्त आतून वाहतं, पण हृदयाचा स्नायू त्यावर जगत नाही. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या वेगळ्या आहेत. तिथे गुठळी अडकली की पुढचा स्नायू मरायला लागतो. मेलेला भाग परत आकुंचन पावत नाही, तिथे नुसता वण राहतो. पंपाची ताकद कायमची कमी होते.

म्हणून छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणे, असं काही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका. मधुमेही आणि बायकांना कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. स्वतः गाडी चालवत निघू नका. 108 ला फोन करा, लगेच ईसीजी काढा. माणूस बेशुद्ध पडून श्वास बंद झाला, तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा. तेवढा वेळ तुमचे हातच त्याचा पंप.