विधिसंघर्षग्रस्त मुले आणि व्यसनमुक्ती

कायद्याच्या परिभाषेत अठरा वर्षांखालील मुलाला गुन्हेगार म्हटले जात नाही. तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. शिक्षेपेक्षा सुधारणेकडे पाहणारा हा दृष्टिकोन मुंबईला नवा नाही. येथे 1924 मध्येच बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह त्याच परंपरेतले आहे. सध्या 2015 चा बाल न्याय अधिनियम लागू आहे.

अंधेरी वा घाटकोपरच्या एखाद्या पोलीस ठाण्यात किरकोळ चोरीसाठी आणलेल्या मुलाजवळ व्हाइटनरने भिजलेला रुमाल सापडतो, तेव्हा प्रश्न दोन होतात. पोलिसांनी त्याला कोठडीत ठेवता कामा नये. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावयाचे असते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असून त्यांपैकी एक स्त्री असते. त्यानंतर परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती, शाळा, सोबती व सवयी यांची चौकशी करून अहवाल सादर करतो. मुलाच्या दृष्टीने हाच कागद सर्वांत महत्त्वाचा होय. अहवालात व्यसनाची नोंद नीट झाली, तर मंडळ समुपदेशन वा परिविक्षेच्या आदेशाला जोडून व्यसनमुक्ती उपचारांचाही आदेश देऊ शकते. बदनामीच्या भयाने पालक ती गोष्ट दडवतात आणि मुलगा उपचारांविना घरी परततो.

व्हाइटनर, सोल्युशन, पेट्रोल यांची वाफ हुंगणे हे मुख्यतः मुलांचे व्यसन आहे. केंद्र शासनाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर मुलांत 1.17 टक्के आढळले. मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असलेला हा एकच प्रकार होता. हे पदार्थ स्वस्त असून भुकेची जाणीव बोथट करतात. मेंदूला इजा करतात आणि क्वचित हृदय अचानक बंद पाडतात.

केवळ धाक दाखवून हे सुटत नाही. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे प्रयोग झाले. त्या मुलांत पुढे गुन्हे घटण्याऐवजी वाढल्याचे अभ्यासांत दिसले. त्याउलट, आईवडिलांना सोबत घेऊन घरातील संवाद, शाळा आणि संगत या तिन्हींवर काम करणाऱ्या कौटुंबिक उपचारांचे परिणाम अधिक आशादायक आहेत. निरीक्षणगृहात व्यसन सुटल्यासारखे वाटते, कारण तेथे पदार्थ मिळत नाही. खरी कसोटी सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागते, जेव्हा तोच फलाट आणि तेच मित्र पुन्हा भेटतात. शासकीय यंत्रणेचा हात नेमका येथेच आखडतो, असे आमचे मत आहे.

हात देणाऱ्या संस्था आपल्याजवळच आहेत. अंधेरी येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी 1962 मध्ये सुरू केलेल्या स्नेहसदनात निराधार मुले कुटुंबासारख्या घरांत राहतात. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशनचा आरंभ केला. मद्य व मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी तेथे बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगाभ्यासाची जोड दिली गेली.

मुलाला दारू, तंबाखू वा मादक पदार्थ देणाऱ्या, तसेच त्याच्याकरवी अशा पदार्थांची ने-आण करविणाऱ्या व्यक्तीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पालकांनी एक धोकाही ओळखावा: सोळा वर्षांवरील मुलाकडे व्यापारी प्रमाणात अमली पदार्थ सापडला, तर तो अपराध अतिगंभीर ठरतो आणि मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर खटला बाल न्यायालयाकडे जाऊ शकतो.

मदतीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मुलांसाठीची 1098 उपलब्ध आहे. अशा मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. धर्मग्रामातील प्रार्थनासभेतही त्याच्यासाठी विनंती करताना नाव घेऊ नये.