जुन्या लॅपटॉपवर गोठ्याची राखण

पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर लुबुंटूसारखी हलकी लिनक्स अन् 'मोशन' हा फुकटचा प्रोग्राम टाकला, की साधा यूएसबी वेबकॅम गोठ्याची राखण करतो. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होतं. खरी मेख 'थ्रेशोल्ड' या सेटिंगमध्ये. मूळ आकडा १५००, म्हणजे चित्रातले तेवढे ठिपके बदलले की रेकॉर्डिंग सुरू. गाईनं शेपटी हलवली तरी सुरू होत असेल तर आकडा वाढवायचा, नाहीतर डिस्क भरून जाते. साध्या वेबकॅमला अंधारात दिसत नाही. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण गोठ्यात चार्जिंगचा बल्ब हवाच. लॅपटॉप मात्र कुलपात ठेवावा. चोरानं तोच उचलला तर रेकॉर्डिंगही गेलं. साध्या यूएसबी वायरीची मर्यादा ५ मीटर.